वाचलेलं पाणी कुठे गेलं?

मंडळी, नमस्कार. पर्यावरण सांभाळणारं नवं तंत्र लोकांच्या गळी उतरवण्यासाठी उद्योगांनी काय करावं, असा विषय मला दिलाय. ‘गळी उतरवणं’ हा शब्द मला खटकतो. म्हणून आधी नांगराबद्दल बोलतो.

गेल्या शतकाच्या सुरुवातीला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडामुळे जमिनीत विष पसरतं, असं शेतकरी मानत. पहिले नांगर खपायला दोन वर्षं गेली. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० मध्ये तिथून ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागलं. कारखान्याची माहिती देणाऱ्या त्या अंकाचं शंकरराव किर्लोस्करांनी नावाजलेलं मासिक केलं, १९३० मध्ये ‘स्त्री’ सुरू केलं. रूढी, अंधश्रद्धा, बायकांचं शिक्षण अशा विषयांवर तिथे वाद झडले. त्यातल्या कितीतरी मजकुराचा नांगराच्या खपाशी काडीचाही संबंध नव्हता. त्या मासिकांच्या शब्दाला वजन आलं ते त्यामुळेच, असं माझं मत आहे.

आता माझ्या धंद्याचं सांगतो. सांगली जिल्ह्यातल्या विटा-तासगाव पट्ट्यात मी वीस वर्षं ठिबक सिंचनाचे संच विकतोय. एक दिवस एक काका दुकानात आले. खिशातून चार ड्रिपर, म्हणजे नळीतून थेंबथेंब पाणी सोडणाऱ्या तोट्या, काढून काउंटरवर ठेवले, एक तोंडाला लावून जोरात फुंकर मारली. हवासुद्धा पुढे जाईना. आत क्षारांचा पांढरा थर. ‘जाहिरातीत हे कुठं लिहिलंय?’ त्यांनी विचारलं. लिहिलेलं नव्हतंच. विहिरीचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं, असेल तर लॅटरल, म्हणजे वावरात पसरलेल्या नळ्या, वेळोवेळी धुवाव्या लागतात, क्षार विरघळवायला त्यांतून आम्ल सोडावं लागतं, फिल्टर साफ ठेवावा लागतो. हे मला माहीत होतं आणि मी ते मोठ्यानं सांगितलं नव्हतं. त्या आठवड्यात ते चार ड्रिपर मी दुकानाच्या दर्शनी भागात टांगले आणि शेजारी धुण्याची रीत लिहिली.

पण त्याहून अवघड प्रश्न दुसराच आहे. आमच्या जाहिराती सांगतात, ठिबक बसवा, पाणी वाचेल. मोकाट पाण्याच्या तुलनेत त्या वावरात पाणी कमी लागतं, हे खरंच आहे. २०१७ मध्ये राज्य सरकारनं उसाला ठिबक सक्तीचं करण्याचा निर्णय घेतला, तोही याच हिशेबावर. मात्र माझ्याच एका गिऱ्हाइकानं वाचलेल्या पाण्यावर आणखी एकरभर ऊस लावला. आडसाली ऊस म्हणजे सोळा-अठरा महिने वावरात उभा. उत्पन्न वाढलं, घर बांधलं, मला मनापासून आनंद झाला. विहीर मात्र एप्रिलात पूर्वीसारखीच तळाला गेली. त्याची यात काही चूक नाही. पाणी गावानं मोजलंच नाही तर कुणीही हेच करेल.

हा प्रश्न चर्चेत कुणी आणायचा? अभ्यासक आणतात, पण त्यांचं गावात कितीसं ऐकलं जातं? आम्ही विकणाऱ्यांनी आणला तर लोक कान देतात, कारण त्यात आमचं नुकसान होऊ शकतं हे त्यांना दिसतं. मंत्रालयात अनुदानासाठी आमच्या संघटना हिरिरीनं बोलतात. ते बोलणं गैर नाही, पण किती हेक्टरवर नळ्या पसरल्या याच्याच शेजारी विहिरींची पातळी किती राहिली हेही मोजा, अशी मागणी आम्हीच करायला हवी. आपला फायदा कशात आहे, हे भरसभेत आधी सांगून मग करायला हवी.

आम्ही गावात तीन वर्षांपासून हे सुरू केलंय. दोरीला वजन बांधायचं, ठरलेल्या अकरा विहिरींत सोडायचं, आकडे चावडीच्या फळ्यावर लिहायचे. पिकं कुठली, किती एकर, हेही शेजारीच. पहिल्या वर्षी त्यावरून भांडणं झाली. गेल्या वर्षी दोघांनी नवी ऊसलागण थांबवली, माझा एक ऑर्डर गेला. पुढची मोजणी अक्षय तृतीयेला आहे. बघायला यायचं असेल तर पहाटे या, विहिरींवरच्या मोटारी सुरू व्हायच्या आत.