चढावर दम तुटतो तेव्हा

[दृश्य: चढाचा रस्ता, कॅमेरा गाडीच्या आत]

चढ लागतो. ॲक्सिलरेटर दाबला जातो, टर्बोची शिट्टी वाढते, गाडी जोर धरते... आणि कुणी मागून ओढून धरावं तशी बसते. चेक इंजिनचा दिवा लागतो. सपाट रस्त्यावर हीच गाडी सुरळीत चालत होती.

गाडीच्या कॉम्प्युटरला जोडलेल्या स्कॅनरवर बिघाडाचा कोड येतो, पी ००८७. रेलमधला, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरना पुरवठा करणाऱ्या नळीतला, इंधनाचा दाब कमी. पुष्कळदा इथेच घाई होते. कोड वाचला की लगेच पंप मागवला जातो. पण कोड फक्त दाब कमी पडला एवढंच सांगतो. कशामुळे पडला, ते शोधायचं काम अजून बाकीच असतं.

पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनात पंप दोन असतात. टाकीतला विजेवरचा पंप साधारण ५ बारने पेट्रोल पुढे पाठवतो. इंजिनवरचा हाय प्रेशर पंप तेच पेट्रोल १५० ते २०० बारपर्यंत दाबतो, काही नव्या इंजिनांत ३५० पर्यंत. टायरमध्ये सव्वादोन-अडीच बार हवा असते, त्यावरून अंदाज करा. २०० बार म्हणजे समुद्रात दोन किलोमीटर खोलीवरचा दाब.

[दृश्य: कापलेला पंप, जवळून]

आणि हे सगळं करणारा पंप जेमतेम मुठीएवढा. आत एक बारीक दांडा, प्लंजर. खाली इंजिनासोबत फिरणारा कॅमशाफ्ट, त्यावर तीन किंवा चार उंचवटे. उंचवटा आला की प्लंजर वर ढकलला जातो. तीन उंचवटे असतील तर ६,००० आरपीएमला तो सेकंदाला १५० वेळा वर-खाली होतो. त्या प्रत्येक फेरीत किती पेट्रोल दाबायचं, हे पंपावरचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह, म्हणजे विजेवर उघडझाप करणारी झडप, ठरवतो.

आयडलला इंजिनाची भूक थोडी असते. झिजलेला पंपसुद्धा ती भागवतो. टर्बो हवा कोंबायला लागला की पेट्रोलही त्याच हिशेबाने लागतं, आणि पंपाचं खरं वय तिथे कळतं. म्हणून उभ्या गाडीवरच्या तपासणीवर भरवसा ठेवू नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

[दृश्य: पुन्हा तोच चढ. एक जण गाडी चालवतो, दुसऱ्याच्या हातात स्कॅनर]

तिसरा गिअर, २,००० आरपीएम, ॲक्सिलरेटर पूर्ण. कॉम्प्युटरने मागितलेला रेलमधला दाब १५० बार. मिळालेला १४८... १३१... ९६... ६२.

आता नजर टाकीकडून येणाऱ्या दाबावर. या गाडीत त्यासाठी सेन्सर नाही, म्हणून वेगळा गेज जोडला आहे. काटा ५ वरून हललेला नाही. तोही सोबत खाली आला असता, तर टाकीतला पंप किंवा चोंदलेला फिल्टर बघावा लागला असता, आणि नवा हाय प्रेशर पंप बसवूनही गाडी याच चढावर बसली असती.

मग रेलचा दाब मोजणारा सेन्सरच खोटं बोलत असेल का? शंका रास्त आहे. दाब खरोखर कमी असेल, तर मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आणि फ्युएल ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोलच्या मापात करतो तो फेरफार, अधिककडे जातो. सेन्सरच चुकीचा कमी आकडा देत असेल, तर उलट पेट्रोल जास्त होतं आणि ट्रिम उणेकडे झुकतो. इथे ट्रिम अधिककडे आहे. दाब खराच पडतोय.

सोलेनॉइडचं वायरिंग, कनेक्टर ठीक. इंजिन बंद केल्यावर रेलचा दाब झर्रकन उतरत नाही, म्हणजे इंजेक्टरही गळत नसावेत.

[दृश्य: डिपस्टिक]

इंजिन ऑइलची पातळी दाखवणारी डिपस्टिक बाहेर काढा. पातळी खुणेच्या वर. बोटावर घेतलं तर ऑइल पाण्यासारखं पातळ, आणि वास पेट्रोलचा. प्लंजरच्या सीलमधून पेट्रोल खाली उतरत असल्याची ही दाट शक्यता.

पंप खोलण्याआधी मात्र थांबा. एवढ्या दाबाची धार कातडीत घुसते. टाकीतल्या पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवायचं, ते गार होऊ द्यायचं, आणि रेलचा दाब खरंच उतरला आहे ना ते स्कॅनरवर बघायचं. डोळ्यांवर चष्मा हवाच.

[दृश्य: पंप बाहेर. तळहातावर टॅपेट]

पंप आणि कॅमच्या मधे हा टॅपेट बसतो. काही इंजिनांत रोलरचा, या इंजिनात सपाट वाटीसारखा. याच्या माथ्यावर काळा, कठीण थर असायला हवा. मधोमध तो पार उडाला आहे, खाली उघडं लोखंड चकाकतंय, आणि नख फिरवलं तर खळगा लागतो. पातळ झालेल्या ऑइलने इथलं वंगण तोडलं. टॅपेट जितका झिजला तितकी प्लंजरची धाव कमी झाली.

टॉर्च मारून कॅमचे उंचवटे एकेक करून फिरवून बघितले जातात. गुळगुळीत आहेत. ते खरवडले असते तर कॅमशाफ्टही बदलावा लागला असता.

नवा पंप, नवा टॅपेट. पंपापासून रेलपर्यंतची पोलादी नळीही नवीच, कारण ती बहुतेक ठिकाणी एकदाच आवळायची असते. ऑइल आणि फिल्टर आजच बदलायचे. जुन्या ऑइलात पेट्रोल आहे, ते नव्या टॅपेटलाही खाईल.

[दृश्य: तोच चढ, तिसरा गिअर. पडद्यावर दोन रेषा]

मागितलेला १५०. मिळालेला १४९.