नख पांढरं होईपर्यंत

[स्वयंपाकघर. पातेल्यातल्या पाण्यात बुडालेले दोन हात.]

सकाळचे साडेसहा. इंदूर, रामबाग. चहा अजून टाकलेला नाही. आधी हात कोमट पाण्यात, मग चहा. आमवात झाल्यापासून, दोन वर्षं, आजींचा दिवस असाच उजाडतोय. उठल्यावर तासभर बोटं वळत नाहीत. पाटल्या डब्यात गेल्या, त्या गेल्याच. मागच्या भिंतीवर कालनिर्णय आहे, त्यात दर रविवारी लाल पेनाचा गोल. तो कशाचा, ते पुढे येईल.

[दवाखाना. टेबलावर आजींचे हात, त्यांवर डॉक्टरांचे.]

"मूठ वळा बघू, आजी."
"वळली असती तर तुझ्याकडे कशाला आले असते, बेटा?"

डॉक्टर हसतात. अंगठा मात्र आजींच्या बोटाच्या पेरावरून हलत नाही. या अंगठ्याकडे नीट बघा. किती जोर लावायचा? दाबणाऱ्याच्या स्वतःच्या नखाचं टोक पांढरं पडेपर्यंत. त्याहून कमी दाबलं तर सूज निसटते, जास्त दाबलं तर धडधाकट सांधाही दुखतो. एवढंसं वाटतं, पण ते हातात बसायला महिने जातात.

दुखरे-सुजलेले किती, हे बघत मोजायचे सांधे २८. खांदे २, कोपरं २, मनगटं २, बोटांच्या मुळाशी, तळव्याच्या कडेचे १०, बोटांच्या मधल्या पेरांचे, अंगठे धरून, १० आणि गुडघे २. पावलं यात नाहीत. आमवात पावलांना काही सोडत नाही, त्यामुळे आम्हाला हे जरा अन्यायाचंच वाटतं. डॉक्टर आजींचे मोजे उतरवून पावलंही बघतात.

[जुना फोटो: रेल्वे फलाट, दोन ट्रंका, एक हसरा चेहरा.]

डॉक्टर इथल्याच. एमबीबीएस इंटर्नशिपसकट साडेपाच वर्षं, एमडी मेडिसिन ३ वर्षं, आणि वर संधिवातशास्त्रातल्या डीएम या पदवीची आणखी ३. बेरीज साडेअकरा, तीही प्रवेश परीक्षा पहिल्या झटक्यात निघाली तर. अमेरिकेत या शेवटच्या टप्प्याला फेलोशिप म्हणतात, ती २ वर्षांची असते. आपल्याकडे वर्षभराच्या फेलोशिपही आहेत, पण राजमार्ग डीएमचा: लखनौची संजय गांधी संस्था, चंडीगडची पीजीआय, वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज. अशी केंद्रं मोजकीच. आणि दुखणारे? पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ मध्ये घरोघर पाहणी झाली. प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना सांध्या-स्नायूंचं काही ना काही दुखणं होतं.

[सूक्ष्मदर्शकातलं दृश्य. गुलाबी-जांभळ्या पार्श्वभूमीवर सुया.]

हे चित्र घ्यायला आमचा कॅमेरामन पाऊण तास भिंगाशी झटत होता. सुजलेल्या गुडघ्यातून सुईनं काढलेल्या पाण्याचा हा एक थेंब. या सुया युरिक ॲसिडच्या क्षाराच्या, म्हणजे दुखणं गाउटचं. आता बघा, काचपट्टी काटकोनात फिरवली. मघाची पिवळी सुई निळी झाली. दुसऱ्या जातीचे, कॅल्शियमचे स्फटिक असते तर हाच रंगांचा खेळ उलटा दिसला असता. ध्रुवित प्रकाशातली ही ओळख १९६१ पासूनची. शिकणाऱ्याला अशी शेकडो पाणी बघावी लागतात, आणि त्यांतली बहुतेक रिकामी निघतात.

[नखाच्या मुळाशी तेलाचा थेंब. पडद्यावर केशवाहिन्या.]

त्वचा घट्ट होत जाणाऱ्या स्क्लेरोडर्मात इथल्या बारीक वाहिन्या फुगतात, तुटतात, काही नाहीशाच होतात. निरोगी बोटात त्या केसांच्या पिनांसारख्या ओळीनं उभ्या असतात. या नाहीत.

आणि तो लाल गोल. मेथोट्रेक्सेट, आजींचं आमवाताचं औषध, आठवड्यातून एकदाच. चुकून रोज घेतलं तर रक्त तयार होणंच थांबू शकतं, म्हणून वार ठरलेला आणि भिंतीवर लिहिलेला. उपचाराला उशीर झाला की हाड झिजतं, ते पुन्हा भरत नाही.

[आजींची बोटं, बराच वेळ. निवेदन नाही.]

दुपारी ओपीडी ओसरली. मेडिसिनचा एक ज्युनियर आठवड्यातून दोनदा डॉक्टरांशेजारी येऊन बसतो. आज मोजणी त्याची. नख पांढरं पडतंय, जोर बरोबर आहे. ओठ हलतायत.

"झालं, मॅडम. सगळे बघितले."
"किती बघितलेस?"
"सव्वीस."
"खांदे राहिले."