रशियाचा खडा, सुरतेची घंटी, अँटवर्पचा शिक्का

हे जे तुरटीच्या चुऱ्यासारखं दिसतंय ना, ते रफ आहे. खाणीतून निघालेला कच्चा हिरा. हा कुठल्या देशातला हे नुसतं बघून सांगता येत नाही, चार देशांचा माल एका पाकिटात मिसळला की भलेभले व्यापारी पण हात वर करतात. एवढं लक्षात ठेवा, पुढचं सगळं राजकारण यावरच चाललंय.

कारखाना सुरतेतला, वराछा भागातला. आधी प्लॅनिंग होतं. खडा मशीनमध्ये ठेवला, तो फिरतोय, स्क्रीनवर त्याचा सांगाडा येतोय, आत डाग कुठे आहे, एक मोठा काढायचा की दोन छोटे, ते इथंच ठरतं. मग लेझर, मग खड्याला गोलाई देणं, आणि मग ही घंटी, म्हणजे पैलू पाडायचं चाक. एका घंटीभोवती चौघं बसलेत बघा. मधे चकती फिरतेय, तिच्यावर तेल आणि हिऱ्याचीच पूड, कारण हिरा घासायला हिराच लागतो. हा कोपऱ्यातला मुलगा खानदेशातला, सुरतेत आपली खानदेशी माणसं बरीच आहेत, पण हिऱ्यात कमी, कपड्यात जास्त. खडा चकतीला टेकवायचा, उचलायचा, भिंगातून बघायचा, परत टेकवायचा. गोल ब्रिलियंटला ५७ पैलू, आणि हे होईपर्यंत रफचं निम्म्याहून जास्त वजन पुडीत गेलेलं असतं. जगातल्या दहा हिऱ्यांमधले नऊ इथं भारतात घासले जातात, त्यातले बहुतेक सुरतेत.

आता हा खड्डा बघा. रशियातलं याकुतिया, मिर्नी गाव, खाण अर्धा किलोमीटर खोल. ही उघडी खाण बंद झाली, पण याच भागातून अलरोसा कंपनी जगातला जवळपास एक तृतीयांश कच्चा हिरा काढते. कंपनीत मोठा हिस्सा रशियन सरकारचा आणि याकुतियाच्या सरकारचा. आणि अलरोसाचा बारीक माल म्हणजे सुरतेच्या छोट्या कारखान्यांची रोजीरोटी.

फेब्रुवारी २०२२, रशियाचं सैन्य युक्रेनमध्ये घुसलं. ही दृश्यं सगळ्यांनी पाहिलीत. अमेरिकेनं मार्चमध्ये रशियन हिऱ्यावर बंदी आणली आणि एप्रिलमध्ये अलरोसाला काळ्या यादीत टाकलं. पण गंमत अशी, की रशियन खडा सुरतेत घासला की नियमाप्रमाणे तो भारतीय होत होता, म्हणजे न्यूयॉर्कच्या शोरूममध्ये रीतसर विकता येत होता आणि बंदी घातल्याचं समाधान पण मिळत होतं!

आणि युरोप? ३१ मार्च २०२२ला युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की बेल्जियमच्या संसदेसमोर व्हिडिओवरून बोलले, अँटवर्पमधल्या, म्हणजे बेल्जियमच्याच हिरे बाजारातल्या रशियन हिऱ्यांचा विषय तोंडावर काढला. खासदारांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्यानंतर निर्बंधांची एकामागून एक पॅकेजं आली, कोळसा आला, तेल आलं, सोनं आलं, हिरा काही येईना. अकरा पॅकेजं झाली, बारावं आलं डिसेंबर २०२३मध्ये, त्यात हिरा. मधली जवळपास दोन वर्षं अँटवर्पचं म्हणणं काय होतं, तर आम्ही थांबलो तर धंदा दुबईला आणि मुंबईला जाईल, आमच्या लोकांच्या नोकऱ्या जातील आणि रशियाचं काहीच बिघडणार नाही.

मला विचाराल तर मुद्दा चुकीचा नाही. पण हेच शब्द दिल्लीनं रशियन तेल घेण्याबद्दल वापरले, की आम्ही घेतलं नाही तर दुसरा घेईल आणि आमच्या गरिबाला महागाई सोसायची नाही, तेव्हा युरोपातल्या आणि अमेरिकेतल्या चर्चांमध्ये त्याला युद्धाला पैसा पुरवणं म्हणाले. अँटवर्पच्या तोंडी तीच गोष्ट व्यवहारी, आपल्या तोंडी पाप. ऑगस्ट २०२५मध्ये ट्रम्पचे सल्लागार पीटर नवारो तर टीव्हीवर युक्रेनच्या युद्धालाच मोदींचं युद्ध म्हणून मोकळे झाले. रशियन तेलाचा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक चीन, पण तेलापायी अमेरिकेनं दंड लावला भारताला, त्याला नाही. हंगेरीला पाइपलाइननं तेल येतच होतं, युरोपच्या बंदरांवर रशियन एलएनजीची, म्हणजे द्रवरूप गॅसची जहाजं लागत होती, त्यावर एवढी ओरड झाली नाही.

आता हे दृश्य आपल्याकडचं, जून २०२०, गलवाननंतरचं. सुरतेतच लोकांनी चिनी टीव्ही बाल्कनीतून खाली फेकला, तो व्हिडिओ देशभर फिरला. आपले रामदास आठवले चायनीज विकणारी हॉटेलंच बंद करा म्हणाले, मंचुरियनवाल्याचा काय दोष होता देव जाणे. २०२३-२४मध्ये चीनकडून आपली आयात १०० अब्ज डॉलरच्या वर गेली. आणि ही अजस्र यंत्रं दिसतायत ना, दाब देऊन कारखान्यात हिरा बनवणारी, एचपीएचटी प्रेस, ही चीनची. यांना कुणी बाल्कनीतून फेकलं नाही. फेकणं शक्यच नाही म्हणा, वजन बघा. तेव्हा बोट एकाच बाजूला दाखवून चालणार नाही, पण निर्बंध लावायची ताकद ज्याच्याकडे आहे त्याला जास्त विचारायचं, हे माझं मत.

तर बारावं पॅकेज. १ जानेवारी २०२४पासून थेट रशियन माल बंद, १ मार्चपासून तिसऱ्या देशात घासलेला एक कॅरेट आणि वरचा बंद, सप्टेंबरपासून अर्धा कॅरेट आणि वरचा. आणि खडा रशियन नाही याची खात्री कोण करणार? रफचा शिक्का मिळणार अँटवर्पला. दोन वर्षं बंदी अडवून धरणाऱ्याच शहरात! बोत्स्वाना, अंगोला, नामिबिया ओरडले की आमच्या जमिनीतला आमचा खडा बेल्जियमला कशाला नाचवायचा. अँटवर्पमध्ये पाकिटं अडकून राहायला लागल्यावर तिथले व्यापारी पण वैतागले.

सुरतेत काम कमी झालं, त्यात चीनची मागणी पडली, लॅबमध्ये बनवलेल्या हिऱ्यानं भाव पाडले, पगार कापले गेले, २०२४मध्ये कामगार संघटनेनं आत्महत्या थांबवायला हेल्पलाइन सुरू केली. ही बंद शटर त्याच गल्लीतली.

मग २७ ऑगस्ट २०२५ आला, रशियन तेलाचा दंड धरून भारतीय मालावर अमेरिकेचा ५० टक्के टॅरिफ. मुंबईच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रातले दागिने त्यात आले, सुरतेचा हिरा पण आला, ज्याचा तेलाशी काडीचा संबंध नाही. आणि नियम मात्र तोच जुना, घासला जिथं, देश तिथला. म्हणजे बोत्स्वानाचा खडा सुरतेत घासला तर तेव्हा तो भारतीय, भरावे लागत होते ५० टक्के. युरोपात घासलेल्या हिऱ्यावरचा टॅरिफ त्याच सप्टेंबरमध्ये शून्य झाला.