ब्रोकर बुडाला? क्लेमची तारीख आधी बघा

नमस्कार. शेअर ब्रोकर बुडाल्याची बातमी आली की बरेच जण नुसते वाट बघत बसतात. शेअर बाजारावर देखरेख करणारी सेबी बघेल, एक्स्चेंज (शेअर बाजार) बघेल, पैसे येतील कधीतरी. कळकळीने सांगतो, असं बसू नका. एक्स्चेंजच्या इन्व्हेस्टर प्रोटेक्शन फंडातून, म्हणजे गुंतवणूकदारांच्या संरक्षणासाठीच्या निधीतून, भरपाई मिळते, पण त्यासाठी क्लेम तुम्हालाच करावा लागतो, तोही मुदतीत.

हैदराबादची ब्रोकर कंपनी कार्वी घ्या. ग्राहकांनी विश्वासाने पॉवर ऑफ अॅटर्नी, म्हणजे आपलं खातं हाताळायचा अधिकार, दिली, आणि कंपनीने त्यांचेच शेअर गहाण टाकून कर्ज उचललं. सेबीचा दणका बसला नोव्हेंबर २०१९ मध्ये. एनएसई या एक्स्चेंजने कार्वीला डिफॉल्टर (देणी न चुकवणारी) जाहीर केलं ते मात्र वर्षभराने, २३ नोव्हेंबर २०२० ला. क्लेमची शेवटची तारीख आधी २ जून २०२५ होती, मग ती ३१ डिसेंबर २०२५ केली. अशी मुदतवाढ मिळेलच, हे गृहीत धरू नका.

नियम काय आहे? ब्रोकर डिफॉल्टर ठरला की एक्स्चेंज नोटीस काढतं आणि क्लेमसाठी किमान तीन महिने देतं. ही नोटीस वेबसाइटवर येते, इंग्रजी दैनिकात येते आणि एक्स्चेंज जिथे आहे तिथल्या भाषेतल्या दैनिकातही येते. एका गुंतवणूकदाराला जास्तीत जास्त किती मिळेल, तेही तिच्यातच असतं.

मुदत हुकली तर? पुढची तीन वर्षं क्लेम विचारात घेतला जाऊ शकतो, पण उशीर तुमच्या हाताबाहेरच्या कारणामुळे झाला, हे पटवून द्यावं लागतं. तीही वर्षं उलटली की प्रकरण दिवाणी वादाचं होतं. म्हणजे वकील आणि तारखा.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती खातेदार हयात नसलेल्या घरांची. वडील गेले, ट्रेडिंग खातं कुठे होतं हे मुलांना ठाऊक नाही, आणि पत्रं जातात जुन्या पत्त्यावर. अशा घरात आज बँकेचं स्टेटमेंट काढा, ब्रोकरला गेलेल्या रकमा शोधा. डिमॅट शेअर सांभाळणाऱ्या एनएसडीएल किंवा सीडीएसएल या संस्थांच्या स्टेटमेंटमध्ये शेअर दिसत असतील तर ते सुरक्षित आहेत. क्लेम करायचा तो ब्रोकरकडे अडकलेल्या पैशांचा आणि खात्यात न आलेल्या शेअरचा.

क्लेमला कॉन्ट्रॅक्ट नोट (सौद्याची पावती), लेजर (ब्रोकरकडचा खातेउतारा), बँक आणि डिमॅट स्टेटमेंट जोडा. 'महिन्याला दोन टक्के नक्की' असं सांगून ब्रोकरने पैसे घेतले असतील, तर त्या पैशांना हा फंड लागू नाही. क्लेम भरल्यावर पोच घ्या आणि तिचा नंबर घरात आणखी एकाला सांगून ठेवा.