अंदाजपत्रक मंजूर झाले, पुढे काय?

श्रोतेहो, नमस्कार.

दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये एक बातमी ठरलेली असते. अमुक महापालिकेचे इतक्या हजार कोटींचे अंदाजपत्रक सादर. २०२५-२६ सालासाठी मुंबईचे अंदाजपत्रक ७४ हजार ४२७ कोटींचे होते आणि पुण्याचे १२ हजार ६१८ कोटींचे. आकडा मोठा असतो, फोटो छापून येतो, आणि आपल्या भागातल्या रस्त्यासाठी पन्नास लाख ठेवल्याचे कुणीतरी फ्लेक्सवर जाहीरही करते. वर्ष सरते, रस्ता जिथल्या तिथे. मग आपण म्हणतो, पैसे खाल्ले. खाल्लेही असतील, पण बऱ्याचदा ते पैसे मुळात आलेलेच नसतात, नाहीतर डिसेंबरात दुसरीकडे वळवलेले असतात. हे कसे घडते आणि कुठे घडते, ते आज पाहू.

मुंबई महापालिकेला स्वतःचा १८८८ सालचा कायदा आहे. राज्यातल्या बाकीच्या महापालिका १९४९ च्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमावर चालतात, म्हणून आज बोलायचे ते याच कायद्याबद्दल. अंदाजपत्रकाचा मसुदा आयुक्त तयार करतात आणि स्थायी समितीपुढे ठेवतात. या समितीत सोळा नगरसेवक असतात, पक्षांच्या संख्याबळानुसार नेमलेले, आणि त्यातले निम्मे दरवर्षी निवृत्त होतात. समिती मसुद्यात फेरफार करते आणि सगळ्या नगरसेवकांच्या सभेपुढे पाठवते. पुण्यात तिला मुख्य सभा म्हणतात, ठाण्या-नाशकात महासभा. सभेने ३१ मार्चपूर्वी मंजुरी द्यायची असते.

मधली चार वर्षे हा सगळा क्रम एकाच टेबलावर आटोपत होता. मार्च २०२२ मध्ये मुंबई, पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या आणि प्रशासक बसले. अंदाजपत्रक मांडणाराही तोच आणि मंजूर करणाराही तोच. जानेवारी २०२६ च्या निवडणुकांनंतर सभागृहे पुन्हा भरली आहेत, तेव्हा पुन्हा लक्ष ठेवण्यासारखे बरेच आहे.

पहिली तारीख लक्षात ठेवा, २० फेब्रुवारी. पुढच्या वर्षी मालमत्ता कर, पाणीपट्टी कोणत्या दराने घ्यायची, हे सभेला २० फेब्रुवारीपर्यंत ठरवावे लागते. ही तारीख गेली की दरवाढीचा विषय त्या वर्षापुरता सहसा संपतो. खर्चाचे मतदान होते त्यानंतर, मार्चमध्ये. आता गंमत पाहा. आयुक्त म्हणतात दहा-पंधरा टक्के करवाढ द्या. सभा एकमताने फेटाळते, सत्ताधारी आणि विरोधक दोघेही बाके वाजवतात. महिनाभराने तीच सभा आयुक्तांच्या मसुद्यात काही शे कोटींची नवी कामे घालते. उत्पन्न नाकारायचे फेब्रुवारीत आणि खर्च वाढवायचा मार्चमध्ये. जमेची बाजू जुळवायची कशी? तर 'थकबाकी वसुली', 'जागाविक्री', 'बांधकाम परवानगी शुल्क' या खात्यांपुढचे आकडे वाढवून. आमच्या मते महापालिकेच्या सगळ्या वर्षातला सर्वांत महाग निर्णय हाच, आणि त्याची बातमी मात्र 'नागरिकांना दिलासा' अशी येते.

आणि उत्पन्न हातात तरी किती उरले आहे? जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर ऑगस्ट २०१५ मध्ये बहुतांश व्यापाऱ्यांसाठी बंद झाला, जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला. तेव्हापासून राज्य सरकार महापालिकांना भरपाई देते, दरसाल ८ टक्के वाढ धरून. ती वेळेवर येते तोवर पगार होतात. पण तिचा दर सभागृहाच्या हातात नाही. हातात राहतात मालमत्ता कर आणि पाणीपट्टी, आणि नेमके त्यांनाच कुणी हात लावत नाही.

आता खर्चाची बाजू. प्रत्येक कामाला एक लेखाशीर्ष असते, म्हणजे अंदाजपत्रकातले खर्चाचे खाते. बोलताना आपण 'बजेट हेड' म्हणतो. त्या शीर्षापुढे तरतूद नसेल तर पैसा निघत नाही. म्हणून नगरसेवकांची धडपड असते ती आपल्या कामाचे नाव यादीत घालण्याची. पुण्यात या प्रभागातल्या कामांच्या यादीला 'स यादी' म्हणतात. जागा नसेल तेव्हा टोकन तरतूद होते. वीस कोटींच्या नाट्यगृहापुढे फक्त एक लाख लिहायचे, म्हणजे शीर्ष उघडे राहते आणि 'काम अंदाजपत्रकात आहे' असे सांगता येते. तेव्हा कुणी तरतूद झाल्याचे सांगितले की दोन प्रश्न विचारावेत. कामाची एकूण किंमत किती, आणि त्यातले या वर्षी किती?

दोन-तीन वर्षे चालणाऱ्या कामांचा प्रस्ताव '७२ ब' खाली येतो, म्हणजे कायद्यातले कलम ७२, पोटकलम ब. समजा, शंभर कोटींचा पूल आहे आणि यंदा वीस कोटी ठेवले. उरलेले ऐंशी कोटी पुढच्या अंदाजपत्रकांवर आजच बसले. अशी पाच-सहा कामे एकाच सभेत मंजूर झाली की पुढच्या मार्चमध्ये नव्या कामाला जागाच उरत नाही, मग सभागृहात कितीही चांगले लोक निवडून येवोत. ७२ ब चा विषय वर्तमानपत्रात कोपऱ्यात येतो. तो कात्रण करून ठेवण्यासारखा असतो.

सभेत विषय कसा मंजूर होतो, हेही पाहू. बहुतेक विषय आवाजी मतदानाने जातात. सदस्यांनी मतदानाची मागणी केली तर बाजूने कोण आणि विरोधात कोण, ही नावे इतिवृत्तात येतात. नंतर कुणी म्हणाले की माझा विरोध होता, तर इतिवृत्त काढून पाहता येते. विषयाचा निकाल कोणत्या शब्दांत लिहिला आहे, तिकडे बारीक लक्ष द्या. 'तहकूब' म्हणजे पुढच्या सभेपर्यंत लांबणीवर. 'अभिप्रायासाठी प्रशासनाकडे' म्हणजे विषय मेलेला नाही, फक्त खाली पाठवला आहे. 'दप्तरी दाखल' म्हणजे तो कपाटात गेला. आणि 'उपसूचनेसह मंजूर' असेल तर उपसूचना, म्हणजे प्रस्तावाला सुचवलेली दुरुस्ती, मिळवून वाचल्याशिवाय राहू नका. मूळ प्रस्ताव एका रस्त्याचा असतो आणि उपसूचना भलत्याच भूखंडाची. तसेच 'ऐनवेळचे विषय'. कार्यपत्रिकेत ते नसतात, म्हणून कुणी तयारीने आलेले नसते. ठराव कायद्याविरुद्ध असेल तर आयुक्त तो विखंडित म्हणजे रद्द करण्यासाठी कलम ४५१ खाली राज्य सरकारकडे पाठवू शकतात.

आता येतो तो टप्पा जिथे मंजूर कामे मरतात. त्याचे नाव वर्गीकरण. एका शीर्षातली तरतूद दुसऱ्या शीर्षात वळवायची, याला आपल्याकडे वर्गीकरण म्हणतात आणि ते स्थायी समिती व सभेपुढे येते. त्याचा हंगाम दिवाळीनंतरचा. तोवर कळलेले असते की जमा अंदाजापेक्षा कमी येणार. मग ज्या कामांची निविदा निघालेली नाही त्यांचे पैसे उचलले जातात. मलवाहिनीचे काम असे असते की त्याला सर्वेक्षण लागते, पातळ्या काढाव्या लागतात, रस्ता खोदायला वाहतूक पोलिसांचा ना हरकत दाखला लागतो. ते नोव्हेंबरपर्यंत कागदावरच असते. त्याचे तीस लाख बाके, नामफलक, रंगरंगोटी असल्या झटपट कामांकडे जातात. ही कामे मार्चअखेर संपतात आणि त्यांची देयके निघतात. मलवाहिनीला लबाडीच नडते असे नाही, तिची कागदपत्रे वेळेत तयार नसणेही तितकेच नडते. म्हणून काम हवे असेल त्या मंडळींनी एप्रिल-मे मध्येच कनिष्ठ अभियंत्याला विचारावे, पूर्वगणनपत्रक झाले का? पूर्वगणनपत्रक म्हणजे कामाचे सविस्तर इस्टिमेट. ते जूनपर्यंत मंजूर झाले नाही, तर त्या कामाचे पैसे डिसेंबरात राहतील याची खात्री धरू नका.

पूर्वगणनपत्रक दरसूचीवरून, म्हणजे कामांच्या ठरलेल्या दरांच्या यादीवरून, तयार होते आणि त्यात ठेकेदाराचा नफा आधीच धरलेला असतो. त्यावर निविदा निघते. दोन पाकिटे असतात, एकात पात्रतेची कागदपत्रे आणि दुसऱ्यात दर. सर्वांत कमी दराचा ठेकेदार ठरतो आणि ठरावीक रकमेच्या वरचे कंत्राट स्थायी समितीच्या मान्यतेला जाते. इथे दोन गोष्टी बिघडतात. एक, रिंग, म्हणजे ठेकेदारांनी आपसांत ठरवून भरलेले दर. तीन निविदा, तिघांचे दर एकमेकांना चिकटलेले, आणि सगळे इस्टिमेटच्या अर्धा-एक टक्का खाली. दुसरी गोष्ट उलटी, तीस-पस्तीस टक्के कमी दर. स्थायी समितीत 'महापालिकेचे इतके पैसे वाचले' म्हणून तिचे कौतुक होते. दरसूची खरी असेल तर पस्तीस टक्के कुठून तरी वसूल होणारच. कुठून, ते आता एका गल्लीवर मोजून दाखवतो. कागद-पेन्सिल घ्या.

गल्ली २०० मीटर लांब, ४ मीटर रुंद. क्षेत्रफळ ८०० चौरस मीटर. इस्टिमेटमध्ये काँक्रीटची जाडी १५ सेंटिमीटर. म्हणजे काँक्रीट लागेल १२० घनमीटर. तयार काँक्रीट आणणारा मिक्सरचा ट्रक साधारण ६ घनमीटर आणतो, म्हणजे वीस खेपा झाल्या पाहिजेत. जाडी १२ सेंटिमीटर केली तर लागते ९६ घनमीटर, सोळा खेपा. चार ट्रक वाचले, म्हणजे पाचवा हिस्सा. वरून पाहणाऱ्याला काहीच फरक दिसत नाही. म्हणून काम चालू असताना गल्लीतल्या कुणीतरी खेपा मोजाव्यात आणि ओतण्यापूर्वी कडेच्या फर्म्याची, म्हणजे साच्याची, उंची टेपने पाहावी. हे कुणाच्याही परवानगीशिवाय करता येते.

दुसरी बाब खोदाईची. इस्टिमेटमध्ये जुना रस्ता उकरून काढण्याची बाब असते. ती न करता वरच काँक्रीट ओतले की खोदाईचे आणि राडारोडा उचलण्याचे पैसे वाचतात, रस्ता वीतभर उंच होतो आणि पावसाळ्यात पाणी घरात शिरते. तिसरी बाब चाचणीची. काँक्रीट ओतताना १५ सेंटिमीटरचे ठोकळे भरून घ्यायचे असतात. त्यांची ताकद २८ दिवसांनी तपासतात. काम संपल्यावर आठवड्याभरात अंतिम देयक निघाले असेल तर हा अहवाल त्याला कसा जोडला, हे विचारायलाच हवे.

आणि एक दुखणे आहे जे ठेकेदाराचे नाही, अंदाजपत्रकाचेच आहे. रस्ता पथ विभागाच्या शीर्षात, पाण्याची नळी पाणीपुरवठ्याच्या आणि ड्रेनेज मलनिःसारणाच्या. तिन्हींना सभेने मंजुरी दिली, पण आधी कोण आणि नंतर कोण हे कुणी ठरवले नाही. रस्त्याची निविदा लवकर होते, मार्चमध्ये काँक्रीट पडते आणि नळीची निविदा मे महिन्यात उघडते. तेव्हा नव्या रस्त्याच्या प्रस्तावाबरोबरच जमिनीखालच्या वाहिन्यांचे वय आणि व्यास नगरसेवकाने मागितला पाहिजे. फार थोडे मागतात.

हे कागद नागरिकांना मिळतात का? मिळतात. २०१८ च्या शासन परिपत्रकानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांनी दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत अभिलेख पाहायला खुले ठेवायचे आहेत. सोमवारी सुट्टी असेल तर त्यानंतरच्या कामाच्या दिवशी. माहिती अधिकाराचा अर्ज न करता, शुल्क न भरता. गेल्यावर 'रस्त्याची फाइल दाखवा' असे मोघम म्हणू नका. कामाचे पूर्ण नाव, आर्थिक वर्ष आणि लेखाशीर्ष सांगा, आणि चार कागद मागा. पूर्वगणनपत्रक, कार्यादेश म्हणजे वर्क ऑर्डर, मोजमाप पुस्तिका आणि देयक. मोजमाप पुस्तिकेला कार्यालयात 'एमबी' म्हणतात. कनिष्ठ अभियंत्याने प्रत्यक्ष मोजून लांबी, रुंदी, जाडी तिच्यात लिहिलेली असते आणि देयक त्यावरून निघते. तुमच्या खेपांचा आकडा याच पानाशी ताडून पाहायचा. प्रती हव्या असतील तर माहिती अधिकारात अर्ज करा. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, आणि ३० दिवसांत उत्तर मिळायला हवे.

पुणेकरांसाठी आणखी एक दार आहे. २००६ पासून तिथे नागरिकांना अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातली छोटी कामे सुचवता येतात. अर्ज उन्हाळ्यात नव्हे, अंदाजपत्रकाच्या कित्येक महिने आधी, पावसाळ्याच्या सुमारास मागवतात आणि मार्चमध्ये जागे होणाऱ्याला ते मिळत नाहीत. पदपथ, दिवे, बसथांबा, बाके अशी कामे त्यात बसतात. सुचवताना जागा नेमकी लिहा, कुठल्या चौकापासून कुठल्या फाटकापर्यंत. जागा संदिग्ध असली की क्षेत्रीय कार्यालय ते काम अव्यवहार्य म्हणून बाजूला ठेवते.

शेवटची गोष्ट काम झाल्यानंतरची. ठेकेदाराची सुरक्षा ठेव दोष दायित्व कालावधी संपेपर्यंत महापालिकेकडे असते. हा कालावधी किती, ते कार्यादेशात लिहिलेले असते. तोवर रस्ता उखडला तर दुरुस्ती त्याने स्वखर्चाने करायची. ही तारीख उलटून गेल्यावर तक्रार झाली, तर त्याच खड्ड्यासाठी नवे शीर्ष आणि नवी तरतूद लागते. म्हणून एमबी पाहायला जाल तेव्हा कार्यादेशातली ती तारीख उतरवून आणा, आणि तिच्या दोन महिने आधी रस्ता एकदा चालून पाहून जे दिसेल ते क्षेत्रीय कार्यालयाला लेखी कळवा. पोच घ्यायला विसरू नका.

नमस्कार.