दोषाचा खर्च कोणाच्या वहीत?

(दृश्य: कारखाना. मायक्रोमीटरमध्ये धरलेला शाफ्ट.)

व्यास २५ मिलिमीटर, ०.०२ इकडेतिकडे चालतं. दर तासाला सलग पाच नग मोजायचे आणि सरासरीचा ठिपका नियंत्रण आलेखावर, म्हणजे मध्यरेषा आणि वर-खाली मर्यादा आखलेल्या तक्त्यावर, मांडायचा. पहिला नियंत्रण आलेख वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये वेस्टर्न इलेक्ट्रिक या दूरध्वनी उपकरणं बनवणाऱ्या अमेरिकी कंपनीत काढला. ओळीने आठ ठिपके मध्यरेषेच्या एकाच बाजूला पडले, की माल मापात असला तरी मशीन थांबवून टूल तपासतात. सदोष नग बाहेर गेला तर परतीची वाहतूक, बदली माल, वॉरंटी, सगळं कंपनीच्याच अंगावर येतं. हिशेबात तो आकडा दिसतो, म्हणून दर्जा विभागाचं ऐकलं जातं. एरवी उत्पादनवाले त्यांना फारसं जुमानत नाहीत.

(दृश्य: सरकारी कार्यालयाची खिडकी.)

इथे दाखल्याचा अर्ज आहे. समजा, मुदत १५ दिवस. दोन कागदांवर नाव वेगवेगळं आहे. खिडकीवरच दिसावी अशी ही चूक, पण अर्ज तसाच घेतला जातो आणि चौदाव्या दिवशी त्रुटीपत्र निघतं. जुना अर्ज निकाली. नव्याला नवा क्रमांक, पुन्हा पहिला दिवस. मासिक अहवालात दोन अर्ज, दोन्ही मुदतीत! अर्जदाराचा महिना गेला. त्याचे हेलपाटे आणि बुडालेला रोज कोणत्याच लेखाशीर्षात बसत नाही.

खासगी म्हणजे चोख, असंही नाही. ग्राहकाला दुसरीकडे जायची सोय नसेल, तर तिथेही तक्रार न सोडवता ‘बंद’ होते.

आयएसओ ९००१ हे दर्जा व्यवस्थापनाचं आंतरराष्ट्रीय मानक १९८७ मध्ये आलं. आज ते कारखाना आणि सरकारी कार्यालय, दोघांनाही घेता येतं. पण ते प्रमाणपत्र कार्यपद्धतीचं असतं, हातात पडलेल्या दाखल्याचं नव्हे.

(दृश्य: नोंदवही.)

म्हणून मोजणी बदलावी लागते. पुन्हा आलेला अर्ज जुन्याच क्रमांकाला जोडायचा. दिवस पहिल्या सादरीकरणापासून दाखला हाती पडेपर्यंत धरायचे. नुसती सरासरी नको. दहातले नऊ अर्ज किती दिवसांत संपतात, ते पाहायचं. महिनाभर प्रत्येक त्रुटीचं कारण लिहायचं. बहुतेक वेळा दोन-तीन कारणंच बहुतांश अर्ज अडवताना दिसतात. ती खिडकीवरच्या तपासणीत घ्यायची, फॉर्ममधला संदिग्ध रकाना सुधारायचा. फक्त कारणांच्या यादीत ‘इतर’ ठेवू नये. ठेवलं, की घाईच्या वेळी सगळं तिथेच जातं.