आरशात आपलंच दार

मंडळाने विषय दिला होता 'सुरक्षित वाहनचालन'. मी त्यातला फक्त आरसा घेणार आहे, कारण त्याच्याइतकी हेळसांड गाडीतल्या दुसऱ्या कशाची होत नाही. आत्ता येताना बघितलं, गेटजवळच्या चार गाड्यांचे डावे आरसे मिटलेले. मालकांची नावं घेत नाही, पहिल्या रांगेत बसलेत. (हशा)

माझंही वेगळं नव्हतं. मी शिकलो त्या गाडीला डावा आरसाच नव्हता. तेव्हा स्वस्त गाड्यांना तो नसायचाच; अहो, २००९ साली आलेल्या नॅनोच्या साध्या मॉडेललाही नव्हता. आमचे शिकवणारे सर म्हणायचे, "डावीकडून कोण मरायला येतंय? ओव्हरटेक उजवीकडून करतात." नियम सरांच्या बाजूने होता, पुणे नव्हतं.

तर कर्वे रस्त्यावर एकदा डावीकडे वळायचं होतं. तोवर डाव्या आरशाची गाडी आली होती. इंडिकेटर दिला, आरसा बघितला, रिकामा. वळलो आणि धप्प! एक बाई, त्यांची स्कूटर, आणि माझ्या बॉनेटवर मेथीची जुडी. लागलं कुणाला नाही. बाईंनी शांतपणे मेथी उचलली, काच वाजवली आणि विचारलं, "काका, आरशात काय बघत होतात?"

रात्री खाली जाऊन गाडीत बसलो आणि बघितलं. अर्ध्या आरशात माझंच मागचं दार! त्याच सकाळी पुसलेलं.

१९११च्या पहिल्या इंडियानापोलिस शर्यतीत बाकीच्या गाड्यांत मागे बघायला एक मेकॅनिक बसायचा. रे हॅरूनने त्याऐवजी आरसा लावला आणि शर्यत जिंकली. आपण तो मेकॅनिक परत आणलाय. डावीकडे बसून "येऊ द्या, येऊ द्या" म्हणतो तो. (हशा) वहिनी, तुम्हाला नाही म्हटलं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. मुद्दा तर राहिलाच!

आधी सीट नीट करा. आतल्या आरशात मागची काच पूर्ण दिसू द्या. मग डोकं उजव्या खिडकीला जवळजवळ टेकवा आणि उजवा आरसा बाहेर वळवत न्या, गाडीची कड जेमतेम दिसेपर्यंत. मग दोन सीटच्या मधोमध झुका आणि डावा तसाच लावा. सरळ बसलात की दार दिसणार नाही. ही रीत अमेरिकेतल्या जॉर्ज प्लॅट्झर या इंजिनिअरने १९९५ साली मांडली.

लागलं का बरोबर? मागून येणारी गाडी आतल्या आरशातून निसटते न निसटते तोच बाजूच्या आरशात दिसायला हवी, आणि तिथून जाण्याआधी डोळ्याच्या कोपऱ्यात. डावा आरसा फुगीर असतो, त्यात गाडी लांब वाटते. अंतराचा अंदाज आतल्या आरशावरून घ्या. आणि स्कूटर कुठल्याही फटीत मावते, म्हणून लेन बदलताना, वळताना मान वळवून एक नजर टाकाच. एकच, पुढेही रस्ता असतो.

झालं, चहा आला. माझी गाडी खालीच आहे, ज्यांना बसून बघायचंय त्यांना किल्ली देतो. फक्त माझी सीट होती तिथे परत ठेवा.